रात्री तीनचा बाबा

क्रिब, म्हणजे बाळाचा गजांचा छोटा पलंग, जोडायला मला अडीच तास लागले, त्यातला जवळजवळ एक तास तर एक फळी उलटी बसवलीये हे कळण्यातच गेला, पण शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर जे काही वाटलं ना, ते मला कुठलीही परीक्षा पास होऊन वाटलं नव्हतं. बाळ यायला अजून तीन आठवडे होते आणि ती रिकामी क्रिब काही बघवेना. घरात येणारा प्रत्येक जण काही ना काही आणत होता आणि ते ठेवायची जागा ठरलेलीच. आधी कडेने बांधायचे मऊ मऊ बंपर आले, मग ढगाच्या आकाराची उशी, मग दोन बाजूंना दोन पिटुकले लोड, एक ससा, एक हत्ती, एक असा प्राणी की तो नक्की कोण यावर घरात अजून एकमत नाही, आणि या सगळ्यावर माझ्या आईने चार महिने खपून विणलेलं फिकट पिवळं ब्लँकेट. मी फोटो काढला, सगळ्यांना पाठवला, सगळ्यांकडून बदाम आले.

मुलगी झाली. घरी सोडायच्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी विचारलं, "ही घरी झोपणार कुठे?" मी मोठ्या तोऱ्यात फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नीट बघितला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण यात बाळ कुठे ठेवणार?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"गादी, गादीवर ताणून बसवलेली चादर आणि बाळ. बाकी सगळं बाहेर काढा. उताणी झोपवायची, रात्री पण आणि दुपारी पण, आणि कुशीवर वगैरे नाही." एवढं सांगून त्या पुढच्या बेडकडे गेल्या. नऊ महिन्यांत आम्ही नावांच्या याद्या केल्या, गाडीतली सीट कुठली घ्यायची यावर भांडलो, पण जन्मल्यावर पहिले काही महिने जी व्यक्ती दिवसाचे चौदा-सोळा तास झोपणार तिच्या झोपण्याच्या जागेबद्दल आम्ही विचार केला होता तो फक्त फोटोत कसं दिसेल याचा.

घरी आलो आणि क्रिब रिकामी करायला घेतली. बायको पलंगावर बसून एकेक वस्तू घेत होती आणि बाजूला ठेवत होती. बंपर सोडताना मला वाईट वाटलं, कारण त्याच्या गाठी मी मारलेल्या. त्यामागचं लॉजिक मला अगदी पटलेलं होतं, की डोकं गजावर आपटू नये. पण एवढ्याशा बाळात गजावर आपटून इजा होईल इतका जोर मुळात नसतोच, आणि तोंड मात्र त्या मऊ पट्ट्यात घुसू शकतं आणि मान वळवून बाहेर काढायची ताकद तिच्यात नसते. बंपरच्या नाड्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून असे बंपर विकायलाच बंदी घातली, आणि त्याच कायद्यात १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या, बाळाला अर्धवट बसतं झोपवणाऱ्या खुर्चीवजा पाळण्यांवरही. त्या उतारावर बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते, बागेतला पाण्याचा पाइप दुमडतो ना तशी. कारच्या सीटमध्ये झोपलेल्या बाळाला घरी पोचल्यावर लगेच उचलून सपाट जागी ठेवायचं ते याचसाठी. आपण म्हणतो राहू दे, झोपलंय, कशाला उठवायचं.

सगळं निघाल्यावर जे उरलं ते बघून मला कसंसंच झालं. चार बाजूंना गज आणि मध्ये एक कडक गादी. त्या गादीवर तळहात जोरात दाबून उचलला तर हाताचा ठसा राहत नव्हता, हे चांगलं लक्षण असतं हे नंतर वाचलं. गजांमधली फट साधारण ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको म्हणजे अंग सरकून डोकं अडकणार नाही, आणि गादी आणि क्रिबच्या कडेमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको, तेही मोजलं. सगळं बरोबर होतं आणि सगळं भकास दिसत होतं. बायको म्हणाली, "कोणीच लाड केले नाहीत असं वाटतंय रे हिचे."

मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. आपली माया वस्तूंच्या रूपात बाहेर पडते. काहीतरी आणावं, घालावं, पांघरावं, टेकू द्यावा. आणि इथे माया करायची म्हणजे काढून घ्यायचं. हे अंगवळणी पडत नाही, मला तर अजूनही पडलेलं नाही.

आईला फोन केला. ब्लँकेटचं सांगायचं होतं आणि सांगायला जीभ रेटत नव्हती. म्हटलं, "आई, ते ब्लँकेट ना, सध्या काढून ठेवलंय."

"का? टोचतं का? लोकर तर चांगली मऊ बघून घेतली होती."

"टोचत नाही गं. वर्षभर सुटं पांघरूण घालायचं नाही म्हणतात, तोंडावर येतं."

"आणि थंडी वाजली तर?"

"पिशवीसारखा कपडा असतो, हात बाहेर आणि पाय आत, चेन लावायची."

आई थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला तर मी पालथाच झोपवायचे. पालथा टाकला की चार चार तास हलायचा नाहीस. उताणा ठेवला की दर अर्ध्या तासाने दचकून जागा."

ती हे माझ्या कौतुकाने सांगत होती आणि मी मात्र तेवढ्यापुरता गप्प झालो, कारण आदल्याच रात्री मी नेमकं हेच वाचलं होतं. पालथं बाळ जास्त गाढ झोपतं हे खरंय, आजीपासून सगळ्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पण ती गाढ झोप हाच तर घोळ आहे. सिड्स म्हणजे सडन इन्फंट डेथ सिंड्रोम, एक वर्षाच्या आतलं, वरवर ठणठणीत बाळ झोपेत जातं आणि नंतर सगळा तपास करूनही कारण सापडत नाही, त्याला १९६९ मध्ये हे नाव मिळालं. यावर काम करणारे लोक ज्या गोष्टीकडे सारखे सारखे परत येतात ती म्हणजे बाळाची जागं होण्याची क्षमता. झोपेत तोंडासमोर मऊ काहीतरी आलं, सोडलेलाच श्वास परत आत जायला लागला, कार्बन डायऑक्साइड वाढला, की शरीराने धोक्याची घंटा वाजवायची असते. बाळ चुळबुळतं, मान फिरवतं, रडतं. काही बाळांमध्ये मेंदूच्या खालच्या भागात, जिथून श्वास आणि जागं होणं चालतं तिथे, सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या व्यवस्थेत काहीतरी कमी असतं आणि ही घंटा उशिरा वाजते किंवा वाजतच नाही. बाहेरून बघून कुठलं बाळ तसलं ते कळायला काहीच मार्ग नाही. म्हणजे दर अर्ध्या तासाने दचकून आपली झोप घालवणारं बाळ हे आपलं काम चोख करणारं बाळ असतं, हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहीत नाही.

पण आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पालथं झोपवा असं ज्यांनी सांगितलं ती साधीसुधी माणसं नव्हती. बेंजामिन स्पॉक हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ, त्यांचं बाळसंगोपनावरचं पुस्तक घराघरात होतं, आणि १९५० च्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात पालथं झोपवायचा सल्ला आला. कारण दिलं होतं ते कुणालाही पटेल असं, की उताण्या बाळाने दूध टाकलं तर ते घशात अडकेल. मलाही हीच भीती होती आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आहे. खरं म्हणजे उलट आहे. उताणं झोपल्यावर श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. दूध उलटून आलं तर ते खालच्या नळीच्या तोंडाशी साठतं, बाळ गिळतं किंवा खोकून बाहेर काढतं, वरच्या नळीत जायला त्याला चढ चढावा लागेल. पालथं केलं की नळ्यांची अदलाबदल होते, आता श्वासनलिका खाली आणि वरून आलेलं दूध नेमकं तिच्या तोंडाशी. हे चित्र मी एका कागदावर काढून फ्रीजवर लावलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला बरं पडायचं.

तर सल्ला पसरला. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात पालथं झोपवायची रीत पडली आणि त्यापाठोपाठ असे मृत्यू वाढले, मग तिथले खुस द योंग नावाचे डॉक्टर १९८७ मध्ये उठून सांगायला लागले की पालथं झोपवू नका. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० असा तीन वर्षांचा मोठा अभ्यास झाला, ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग यांचं काम झालं, आणि दोन्हींतून पालथं झोपवण्याचा धोकाच समोर आला. १९९१ च्या उन्हाळ्यात ॲन डायमंड या ब्रिटिश टीव्हीवरच्या लोकप्रिय निवेदिकेचा चार महिन्यांचा मुलगा असाच गेला. तिला कळलं की न्यूझीलंडमध्ये ही माहिती लोकांना सांगायला सुरुवातसुद्धा झालीये, आणि आपल्याला कुणी अवाक्षर बोललं नाही. ती मंत्र्यांच्या मागे लागली, टीव्हीवर उभी राहिली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली. पुढच्याच वर्षात तिथले असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. अमेरिकेने १९९४ मध्ये तीच मोहीम त्याच नावाने घेतली, तिथेही प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली उतरलं. नवं औषध नाही, मशीन नाही, लस नाही, नुसतं बाळ उलटं ठेवत होते ते सुलटं ठेवलं.

यातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. २००५ मध्ये काही संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडले आणि दाखवलं की पालथं झोपवणं धोक्याचं आहे हे सांगणारा पुरावा १९७० लाच उपलब्ध होता, कुणी एकत्र करून बघितला नव्हता एवढंच. बघितला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये १० हजारांवर आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५० हजार बाळं वाचली असती असा त्यांचा अंदाज. वीस वर्षं. आणि ती सगळी बाळं आपापल्या आईबापांनी, डॉक्टरांचं ऐकून, जपून पालथी ठेवलेली. त्यामुळे मी हे सगळं कुणाला सांगायला लागलो आणि आवाज जरा चढला की मलाच ते आकडे आठवतात आणि मी जरा खाली येतो.

आता सोफ्याबद्दल सांगतो. हे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, आईला तर अजूनही नाही.

पाचवा आठवडा. रात्रीची माझी पाळी म्हणजे दोन ते पाच, बायकोने दूध काढून ठेवलेलं असायचं. लेकीला दूध पाजलं, ढेकर काढली, आणि ती खांद्यावर झोपली. क्रिबमध्ये ठेवली की दोन मिनिटांत उठायची. तिसऱ्यांदा उठल्यावर मी म्हटलं जाऊ दे, पाच मिनिटं सोफ्यावर बसतो, ती छातीवर शांत होती, गरम, जड, तोंडाला दुधाचा वास. टीव्ही बंद. मी झोपणार नव्हतोच, मी फक्त टेकलो होतो.

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड यायला लागला होता आणि छातीवर काही नव्हतं.

ती माझ्या दंडाच्या आणि सोफ्याच्या पाठीच्या मधल्या खाचेत घसरली होती, चेहरा माझ्या टीशर्टकडे, नाक आणि कापड यात बोटभर अंतर. मी तिला ओढून काढलं तशी ती किंचाळून रडली. मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकलेला नाही. बायको धावत आली, तिला काय झालं ते सांगायला मला शब्द सापडेनात, मी नुसताच "काही नाही, काही नाही" म्हणत बसलो आणि माझे हात इतके कापत होते की लेकीला तिच्याकडे देताना तिनेच दोन्ही हातांनी धरली.

नंतर वाचलं की बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. पलंगापेक्षाही कितीतरी वाईट, कारण सोफा मऊ आणि उतरता असतो आणि त्याला पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे खाच असते. आणि बहुतेक जण तिथे का जातात तर पलंगावर बाळ घेऊन झोपू नका असं ऐकलेलं असतं म्हणून! मी तेच केलं होतं. नियम पाळण्याच्या नादात नियमामागची गोष्ट सोडून दिली होती.

त्या दिवसानंतर माझं डोकं एका ठिकाणी अडकलं. मला सगळं माहीत होतं की. फ्रीजवर चित्र मीच काढलेलं. दुपारी तीन वाजता मला विचारलं असतं तर मी तासभर भाषण दिलं असतं. पण रात्री तीनला जो बाबा असतो तो वेगळा माणूस. त्याला वाचलेलं आठवत नाही, त्याला काही पटवून देता येत नाही, त्याला फक्त समोर जे आहे ते दिसतं, आणि समोर सोफा होता. त्यामुळे खोली लावायची ती त्या माणसासाठी लावायची, हे मी ठरवलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयात ऐकण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

मजा म्हणजे हे फार जुनं आहे. झोपेत बाळावर अंग पडलं हा आरोप आयांवर हजारो वर्षं होत आलाय, बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या न्यायाची गोष्ट सुरू होते तीच तिथून. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात चार्ल्स टेम्पलमन नावाच्या पोलीस सर्जनने १८९२ मध्ये बाळं गुदमरल्याच्या २५८ केसेस मांडल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त शनिवार-रविवारच्या मधल्या रात्रीच्या होत्या. दारू, अज्ञान, दाटीवाटीची घरं अशी कारणं त्याने दिली. एका पलंगावर घरदार झोपणाऱ्या गिरणीकामगारांच्या आठवड्याच्या थकव्याचं काय, असं मला वाचताना वाटत राहिलं, पण तो माझा सोफा बोलत असेल.

आणि त्याच्याही आधी, फ्लॉरेन्समध्ये अर्कुच्चो नावाचं एक यंत्र होतं. यंत्र कसलं, लाकडी कमान. बाळावर ठेवायची, त्यावर पांघरूण टाकलं तरी आत पोकळी राहायची, आणि बाजूला खोबणी केलेल्या म्हणजे दाई तिथेच आडवी होऊन दूध पाजू शकेल. ते न वापरता बाळ कुशीत घेणाऱ्या दाईला धर्मातून बहिष्कृत करायची तंबी होती म्हणे, त्याचा किती उपयोग झाला देव जाणे. मला त्या कमानीचं कौतुक वाटतं. ज्या कुणी सुताराने ती बनवली त्याने एक गोष्ट मान्य केली होती, की ही बाई झोपणार. तिने झोपू नये असं म्हणत बसण्यापेक्षा ती झोपल्यावर काय होईल ते बघू. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी २००० च्या दशकात हेच केलं. बाळ जवळ घेऊन झोपणं त्यांना सोडायचं नव्हतं, तर त्यांनी हरकेके नावाच्या झाडाच्या पातींची विणलेली छोटी टोपली आणली, वहाकुरा म्हणतात, ती आईबापाच्या पलंगावरच ठेवायची आणि बाळ त्यात उताणं. जवळचं जवळ आणि जागा स्वतःची.

तर आमची खोली. क्रिब आधी वेगळ्या खोलीत होती, भिंतीला ढग काढलेल्या, ती आमच्या पलंगाला हात लागेल इतकी जवळ आणली. पहिले किमान सहा महिने बाळ त्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, आणि ते का ते मला दुसऱ्याच रात्री कळलं, उठून चालत जावं लागत नाही म्हणून तिला परत ठेवायचा कंटाळा येत नाही. सोफ्यावर मी रात्री जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या उलट्या करून ठेवायला लागलो, हसा खुशाल, पण रात्री तीनला खुर्च्या उचलून बाजूला ठेवण्याइतका उत्साह कुणात नसतो. दूध पाजायचं पलंगावर बसून, आणि पलंगावरच्या जास्तीच्या उशा, रजई सगळी आधीच खाली काढलेली. म्हणजे डोळा लागलाच तर निदान त्यातल्या त्यात कमी वाईट जागी लागेल, आणि जाग आली की आधी बाळ क्रिबमध्ये. सिगारेट, दारू, झोपेचं औषध यातलं काहीही असेल तर मात्र पलंगाचा विचारसुद्धा करायचा नाही, आणि बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा फार लहानखुरं असेल तरी नाही.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतो. हात-पाय गार लागतात म्हणून कपडे चढवत जायचे नाहीत, लहान बाळांचे हात गारच असतात, मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघायचं, घामट लागलं तर एक थर कमी. घरात झोपताना टोपडं नको, डोक्यातूनच तर त्यांची बरीचशी उष्णता बाहेर जाते. दुपट्यात गुंडाळायचं तर उताणंच, आणि पालथं पडायची खटपट सुरू झाली की त्या दिवसापासून बंद, कारण हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर परत वळू शकत नाही. अंगावरचं दूध जमेल तितकं, चोखणीने झोपताना धोका कमी होतो असंही दिसलंय. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर वरचं सगळं वाचून झाल्यावर आधी त्याच्याशी बोला.

पायाला लावायचा तो ऑक्सिजन मोजणारा मोजाही मी आणला होता. सोफ्याच्या प्रसंगानंतर मी काहीही आणलं असतं. पहिल्याच रात्री अडीचला तो बोंबलला, आम्ही दोघं उठून बसलो, लेक मजेत, मोजा सरकलेला. तीन रात्रींत चार वेळा. असल्या घरगुती यंत्रांनी सिड्स टळतो याला आधार नाही असं डॉक्टर सांगतात. माझं विचाराल तर त्याचं दुसरंच नुकसान जास्त, मोजा आहे ना मग उशी राहिली तर राहू दे असं मन म्हणायला लागतं. चौथ्या दिवशी परत केला.

मग रात्री मी नुसताच बघत बसायचो. अंधारात क्रिबच्या गजांतून हात आत घालून पोटावर बोटं टेकवायची. भरभर चार-पाच श्वास, मग एकदम काही नाही. एक, दोन, तीन, चार, माझाच श्वास अडकलेला, सहा, सात, आणि मग एक मोठा सुस्कारा आणि पुन्हा गाडी चालू. नवजात बाळं असंच घेतात श्वास, पाच-दहा सेकंद थांबून, हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझे बरेच केस काळे राहिले असते. दहापेक्षा पुढे गेलं किंवा निळं-करडं पडलं तर मात्र वाट बघायची नाही. धोका दोन ते चार महिन्यांत सगळ्यात जास्त आणि सहा महिन्यांनंतर बराच उतरतो, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं, परीक्षेच्या तारखा लिहितात तसं. आणि तरी हेही माहीत होतं की सगळं बरोबर करूनही काही घरांत ते घडतंच. त्या आईबापांना जाऊन कुणी उशी होती का, कुशीवर होतं का असं विचारू नये. त्यांनी ते स्वतःला हजारदा विचारलेलं असतं.

साडेचार महिन्यांची असताना एका रात्री ती आपली आपण पालथी पडली. मी टुणकन उठलो आणि सुलटी केली. ती परत पालथी. मी परत सुलटी. असं पाच वेळा झाल्यावर बायको अंधारातून म्हणाली, "अरे, दोन्हीकडून वळता येतंय तिला. सोड." आणि खरंच तसंच सांगतात, ठेवताना उताणं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी स्वतः वळता आलं की मग तिला हवं तसं झोपू द्यायचं. मी हात मागे घेतला. झोप मात्र काही आली नाही.

उताणं झोपून झोपून डोकं मागून चपटं होतं ही तक्रार खरी आहे, आमच्या लेकीचं थोडं झालं होतं. त्यावर उपाय म्हणजे जागी असताना, आपण समोर बसून, तिला पोटावर पालथं ठेवायचं, सुरुवातीला दोन-तीन मिनिटं आणि मग वाढवत न्यायचं, मानेला ताकद येते. आम्ही ते अगदी पहिल्या आठवड्यापासून करत होतो, साध्या चटईवर, आणि ती नाक घासून भोकाड पसरायची. एकदा कपाटातून काहीतरी काढताना आईचं ते पिवळं ब्लँकेट हाताला लागलं. दिवसाढवळ्या, जमिनीवर, मी समोर बसलेला. म्हटलं, का नाही? अंथरलं, घट्ट ताणून सपाट केलं, तिला वर पालथं ठेवलं. तिने मान उचलली, लोकरीच्या विणीकडे डोळे बारीक करून बघितलं, मुठीत धरायला गेली, आणि मग भळकन सगळं दूध त्यावर टाकलं.

मी घाईघाईने पुसत असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला. लपवायला वेळ नव्हता, कॅमेऱ्यात सगळं दिसतच होतं. मध्यभागी हा मोठा पांढरा डाग.

आई चष्मा लावून जवळ आली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं बाबा. वापरात आलं एकदाचं."